शनिवारचे ‘तसले’ सिनेमे

अहो, ऐकलंत का? नसेल ऐकलं तर आधी दार लोटून घ्या. मग सांगते.

आमच्या इमारतीत सध्या जे चाललंय ते चारचौघांत सांगायची सोय नाही. ठाण्यातलं नौपाडा, म्हणजे किती सोज्वळ वस्ती! इथे गणपतीच्या वर्गणीची पावतीसुद्धा कार्बन घालून फाडतात. अशा ठिकाणी दर शनिवारी दुपारी चारला दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या घरी भरदिवसा पडदे ओढले जातात. दाराबाहेर चपलांचे चौदा जोड, आत चौदा बायका, आणि आवाज नाही! चौदा बायका एका खोलीत बसून गप्प, यावर संशय घ्यायचा नाही तर कशावर घ्यायचा?

तसं पाहिलं तर ही आमची जुनी भिशी. महिन्याचा पहिला शनिवार, हजार-हजार रुपये, चिठ्ठी, साबुदाणा वडे, गैरहजर बाईच्या सुनेचं कौतुक, की पांगापांग. आता ती दर शनिवारी भरायला लागली. एवढंच नव्हे, रविवारी सकाळी ‘राहिलेला भाग बघायचाय’ म्हणून नवऱ्यांना उपमा उरकायला लावून पुन्हा गर्दी. मी एकदा पाळत ठेवली. म्हणजे कोथिंबिरीची जुडी घेऊन जिन्यात उभी राहिले. साडेसहाला दार उघडलं आणि काकू डोळे पुसत बाहेर आल्या. माझ्या काळजाचा ठोका चुकला. म्हटलं, ‘‘कुणाचं काही बरं-वाईट?’’

‘‘नाही गं. सिनेमा बघत होतो.’’

‘‘कुठला?’’

काकूंनी वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि आवाज उतरवून म्हणाल्या, ‘‘तसला.’’

तसला! आमच्या लहानपणी या शब्दाला केवढा दरारा होता. व्हीसीआर भाड्याने आणून दारं-खिडक्या बंद करून गल्लीतले थोरले दादालोक जे बघायचे ते तसले. पण ‘तसलं’ बघून कुणी पदराने डोळे पुसत बाहेर आल्याचं मी ऐकलं नव्हतं. तेव्हा पुढच्या शनिवारी, केवळ खातरजमा करावी म्हणून, मी चपलांचा पंधरावा जोड काढला. गेले सात शनिवार मी खातरजमाच करते आहे.

तर गोष्ट अशी. दोन पुरुषांचं प्रेम, दोन बायकांचं प्रेम, बाईच्या देहात अडकलेला पुरुष किंवा उलट, असल्या गोष्टींचे सिनेमे या बायका रांगेने बघत सुटल्या आहेत. याचं मूळ काकूंची नात. मुंबईत २०१०पासून श्रीधर रंगायन यांनी सुरू केलेला ‘कशिश’ नावाचा असल्या सिनेमांचा महोत्सव भरतो. २०२०च्या टाळेबंदीत तो ऑनलाइन झाला. नात तेव्हा आजीकडेच अडकलेली. रात्री हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसायची. काकूंना वाटायचं, पोरगी केवढा अभ्यास करते! दूध-बदाम नेऊन द्यायच्या. एक दिवस दूध द्यायला गेल्या त्या सिनेमा संपेपर्यंत उठल्याच नाहीत. पुढे नात शिकायला पुण्याला गेली आणि जाताना पासवर्ड आणि यादी ठेवून गेली. ती यादी काकूंच्या फ्रीजवर आहे. चुंबकाखाली आधी दुधाचा हिशेब, मग गॅसवाल्याचा नंबर, आणि त्याखाली तसले सिनेमे. पाहून झाला की पुढे बरोबरची खूण, जशी लाइट बिल भरल्यावर करतात तशी.

माझ्या पहिल्या शनिवारी मान मिळाला ‘मजा मा’ला. कारण सरळ आहे: माधुरी. आमच्या इमारतीत माधुरीने काही केलं तर ते चालतं. २०२२च्या या सिनेमात ती गुजराती घरची गरबा गाजवणारी गृहिणी आहे. मुलाचं लग्न अमेरिकेतल्या श्रीमंत घरात ठरतंय, आणि ऐन वेळी उघड होतं की, आईचं मन तरुणपणी एका मैत्रिणीत गुंतलं होतं. व्याही काय करतात? तिला खरं-खोटं ओळखणाऱ्या यंत्राला जोडतात! यावर मात्र खोलीत संताप उसळला. माधुरीचं मन कुणात गुंतलं होतं यावर चकार शब्द नाही. पण ‘व्याह्यांची ही हिंमत?’ यावर वीस मिनिटं चर्चा. चहा निवला.

मग ‘फायर’. हे नाव आलं तेव्हा मी स्वतः उठून कडी नीट लागली का पाहिली. आठवतंय ना? दीपा मेहतांचा सिनेमा. सेन्सॉरने एकही काप न लावता सोडलेला, आणि डिसेंबर १९९८मध्ये मुंबई-दिल्लीत थिएटरांवर मोर्चे चालून गेले, काचा फुटल्या, खेळ बंद पडले. पुढे १९९९मध्ये तो पुन्हा लागला; पण तेव्हा आमच्यापैकी कुणाची बघायला जायची टाप होती? तेव्हा ज्यासाठी काचा फुटल्या तो सिनेमा आता आमच्या काकूंच्या शोकेसशेजारी, बार्बीच्या आणि ताजमहालाच्या प्रतिकृतीच्या मधोमध चालला होता. शबाना आझमी आणि नंदिता दास एका घरातल्या दोन जावा. नवऱ्यांचं लक्ष भलतीकडे, सासू अंथरुणाला खिळलेली, बोलता येत नाही म्हणून घंटी वाजवणारी. दोघी हळूहळू एकमेकींच्या होतात. सिनेमा संपला. खोलीत सुन्न शांतता. मला वाटलं, आता संस्कृतीचा विषय निघणार. तर तळमजल्यावरच्या वहिनी सुस्कारा टाकून म्हणाल्या, ‘‘सगळं पटलं. पण सख्ख्या जावा एकमेकींशी इतकं गोड वागतात, हे काही केल्या पटत नाही.’’

बघा! हे यांचे आक्षेप.

तिसऱ्या शनिवारी सचिन कुंडलकरांचा ‘कोबाल्ट ब्लू’. त्यांची २००६ साली आलेली मराठी कादंबरी आमच्याकडे दोघींनी वाचलेली होती. सिनेमा २०२२मध्ये नेटफ्लिक्सवर आला. त्यातलं कुटुंब मराठी, पण घर कोचीतलं. घरात एक पेइंग गेस्ट येतो, आणि घरातला मुलगा आणि मुलगी, दोघंही त्याच्याच प्रेमात पडतात. आता यात किती खमंग मसाला आहे! पण आमच्या बायकांचा जीव अडकला पेइंग गेस्टच्या डिपॉझिटमध्ये. ‘‘पोलीस व्हेरिफिकेशन न करता खोली दिली, तिथेच चुकलं,’’ असा निर्वाळा झाला. गोव्यातला ‘माय ब्रदर निखिल’ पाहिला, तेव्हाही तेच. २००५चा सिनेमा, गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासूनची. पोहण्यातला चॅम्पियन मुलगा, एचआयव्हीची लागण झाल्याचं कळताच त्याला पकडून एकटा कोंडून ठेवतात, आईबाप तोंड फिरवतात, बहीण मात्र त्याचा हात सोडत नाही. काकूंनी सिनेमा थांबवला आणि आत जाऊन पाणी पिऊन आल्या. म्हणाल्या, ‘‘कोंडायचं कसलं पोराला? घर होतं ना त्याला?’’

एव्हाना माझ्या लक्षात आलं की, यांना या सिनेमांतलं नेमकं काय दिसतं याचा काही नेम नाही. मी आपली चुंबन आलं की इतरांचे चेहरे बघायची. त्या आपल्या भिंतीचा रंग, ओट्याची उंची आणि भाडं किती असेल ते बघायच्या.

आता तुम्ही म्हणाल, घरातल्या कर्त्या पुरुषांना हे कसं चाललं? त्यांना कळलंच नव्हतं. कळलं ते टीव्हीमुळे. हे नवे टीव्ही फार चहाडखोर. तुम्ही काय अर्धवट पाहून सोडलंत ते पहिल्याच पानावर फोटोसकट मांडून ठेवतात. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या घरी एका रविवारी पाहुण्यांसमोर टीव्ही लावला, तर पुढे हीच रांग! सेक्रेटरी गरजले, ‘‘हे कुणी पाहिलं?’’ बायको शांतपणे म्हणाली, ‘‘माझं वेगळं प्रोफाइल आहे. हे तुमचं.’’ चौकशीअंती निष्पन्न झालं की, बायको शनिवारी काय बघून येते याची खातरजमा करायला सेक्रेटरींनी रात्री एकटं बसून तो सिनेमा लावला होता. सत्तेचाळीस मिनिटं खातरजमा झाली होती. मग बहुधा डोळा लागला असावा.

यानंतर सोसायटीत उघड दोन तट पडले. ‘आपल्या संस्कृतीत हे नव्हतं’ असं म्हणणाऱ्यांचा तट जिन्यात उभा राहायचा. त्यांची जिरवली तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी. आजींचं वय अठ्ठ्याऐंशी, ऐकू कमी येतं, म्हणून त्या फक्त बोलतात.

‘‘संस्कृती कुणाला सांगतोस?’’ त्या सेक्रेटरींना म्हणाल्या. ‘‘माझी आजी नऊवारीचा पदर कसा घ्यायचा ते कुणाकडून शिकली? बालगंधर्वांकडून. बाप्याने लुगडं नेसून दाखवायचं आणि बायकांनी ते बघून शिकायचं, ही आपली संस्कृती. दादासाहेब फाळक्यांची पहिली तारामती कोण? साळुंके. हॉटेलात स्वयंपाक करायचा तो. पुढे ‘लंका दहन’मध्ये राम पण तोच आणि सीता पण तोच. स्वतःचाच विरह नि स्वतःचीच भेट! १९१७ साली लोकांनी तो डोक्यावर घेतला. तेव्हा तुझे आजोबा पण गेले असतील बघायला.’’

सेक्रेटरी म्हणाले, ‘‘आजी, ते नाटक-सिनेमातलं सोंग. हे वेगळं.’’

‘‘मग १९८१ साली तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ मी इथेच गडकरी रंगायतनला पाहिलं, ते काय होतं? रोहिणी हट्टंगडी. बाईवर जीव लावणारी बाई. पुढच्या वर्षी ‘उंबरठा’ आला. जब्बार पटेलांचा. स्मिता पाटील महिलाश्रमाची अधीक्षक, आणि आश्रमातल्या त्या दोन मुली एकमेकींना बिलगून. कमिटीला कोण घाम फुटतो! तू तो टीव्हीवर चारदा पाहिलायस. तेव्हा दिसल्या नाहीत का त्या?’’

दिसल्या नव्हत्या. खरं सांगते, मलाही दिसल्या नव्हत्या. इतक्या वेळा पाहिलेल्या सिनेमातल्या दोन मुली मला दिसल्याच नव्हत्या. मी स्मिता पाटीलची साडी बघत होते.

आजींचं बरोबर आहे. बाप्या साडी नेसून हसवत असेल तर आम्ही सहकुटुंब टाळ्या पिटतो. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८पासून आमच्या घरांत इतक्यांदा लागला आहे की, पोरांना पाढ्यांआधी संवाद येतात. त्यात तरी काय आहे? कुटुंबाशिवाय खोली मिळत नाही म्हणून दोन पुरुष बायका बनून राहतात. घरमालकिणीला फसवण्यासाठी बायको व्हायचं, तर विनोद. तेच कुणी खरं म्हणून जगू लागला की तो तसला. ‘जोगवा’त देवीच्या नावाने साडी नेसवलेला जोगता साकारणाऱ्या उपेंद्र लिमयेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा आमचे पेढे वाटायचेच काय ते राहिले होते. मात्र सिग्नलला टाळी वाजली की काच वर.

सहाव्या शनिवारी ‘अलीगढ’ लागला. इतके दिवस मी चहाटळपणे सांगत आले, इथे जरा थांबते. हंसल मेहतांचा २०१६चा सिनेमा, आणि गोष्ट खरी घडलेली. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरास, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे नागपूरचे प्राध्यापक. त्यांच्या ‘पायाखालची हिरवळ’ या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळालेला. फेब्रुवारी २०१०मध्ये कॅमेरा घेतलेली माणसं त्यांच्या घरात घुसली, आणि विद्यापीठाने निलंबित केलं कुणाला? कॅमेरेवाल्यांना नव्हे, सिरासांना. क्वार्टर सोडायला लागली. १ एप्रिल २०१०ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच महिन्यात भाड्याच्या घरात ते मृतावस्थेत सापडले.

सिनेमात मनोज बाजपेयी एकटा खोलीत बसून लताबाईंचं गाणं ऐकतो. हातात ग्लास, डोळे मिटलेले, आणि गाण्याबरोबर बेसूर गुणगुणत तो हात हलवतो. बाकी काहीच घडत नाही. आमच्या खोलीत भडंगाची ताटली फिरत होती, ती जिथल्या तिथे थांबली. काकूंनी तर ती मांडीवरच धरून ठेवली आणि कुरकुर होऊ नये म्हणून तोंडातला घास चावला नाही. सिनेमा संपल्यावर दिवा कुणी लावेना. शेवटी तळमजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, ‘‘आपला माणूस होता. मराठी शिकवायचा. आणि त्याला बिचाऱ्याला दाराला कडी लावून बसायची सोय नव्हती.’’

घरी आल्यावर मी कधी नव्हे ते फ्रीजवरची यादी आठवून पाहिली. ‘फायर’मधल्या जावांचं घर, ‘कोबाल्ट ब्लू’मधली भाड्याची खोली, ‘उंबरठा’तला आश्रम, निखिलला कोंडलेली जागा, सिरासांची क्वार्टर. तसले सिनेमे म्हणून आम्ही जे बघत होतो, त्यात ‘तसलं’ फारच थोडं निघालं. उरलेला सगळा वेळ माणसं चार भिंती शोधत होती. घरात बसून बघण्याजोगा याहून घरगुती विषय कोणता?

सातव्या शनिवारी घरातला बेत मोडून आम्ही २०२५च्या सप्टेंबरची उजळणी केली. तेव्हा काकूंच्या मंडळींनी ‘साबर बोंडं’ थेटरात जाऊन पाहिला होता. रोहन कानवडे यांचा, सनडान्सला २०२५मध्ये ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवलेला मराठी सिनेमा. मुंबईचा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी गावी जातो, नातेवाईक लग्नाचं टुमणं लावतात, आणि बालमित्र बाळ्याशी पुन्हा गाठ पडते. आईला पोराचं सगळं ठाऊक असतं. साबर बोंडं म्हणजे निवडुंगाची फळं. ती खडबडीत दगडावर घासून काटे काढायचे, मग आतला लालभडक गर, तोंड रंगून जातं. हे आजींनी हाताने करून दाखवलं, लिंबू घेऊन. त्या दिवशी चर्चा झाली ती सुतकात चहात दूध चालतं की नाही यावर. दोन मुलगे एकमेकांवर जीव टाकतात, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

आता मूळ भानगडीकडे येते. आमच्या तळमजल्यावरचा एक फ्लॅट आठ महिने रिकामा आहे. टपालपेट्यांच्या वर पाटी आहे: ‘भाड्याने देणे आहे. फक्त फॅमिलीसाठी.’ जूनमध्ये चाळिशीच्या दोघीजणी तो बघायला आल्या होत्या. एक बँकेत, एक शाळेत. सेक्रेटरींनी विचारलं, नातं काय? त्यातली उंच बाई म्हणाली, ‘‘बारा वर्षं एकत्र राहतो.’’ सेक्रेटरी म्हणाले, ‘‘फॅमिलीलाच देतो आम्ही.’’ त्या दोघी हसून, आभार मानून गेल्या. एकीने जाताना आमच्या कुंडीतली पडलेली काठी नीट रोवली. मी दाराच्या फटीतून सगळं पाहत होते. दार उघडलं नाही. सेक्रेटरींना मागाहून चहाला बोलावलं आणि म्हटलं, बरं केलंत हो.

खमंग पाहिजे होतं ना? हे घ्या. सगळ्या प्रकरणातलं तसलं म्हणावं असं वागणं एवढंच.

गेल्या रविवारी सोसायटीची वार्षिक सभा झाली. टाकीची सफाई, लिफ्टचा मेंटेनन्स, मग ‘आयत्या वेळचे विषय’. आजी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, पाटी काढा. सेक्रेटरी म्हणाले, ‘‘आजी, कोर्टानेच २०२३मध्ये यांच्या लग्नाला मान्यता दिलेली नाही. मग फॅमिली कशी म्हणायची?’’ आजींना ऐकू आलं नसावं असं वाटलं. पण त्यांनी पिशवीतून काकूंच्या नातीने लिहून दिलेला कागद काढला. कलम ३७७ची तलवार ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतली. आणि २०२४मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवलं की, रेशन कार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच घरातली माणसं धरा. बँकेत जोडखातं उघडायला आणि नॉमिनी लावायलाही आडकाठी नाही.

‘‘रेशन कार्डावर दोघी एका घरातल्या,’’ आजी म्हणाल्या. ‘‘मग सरकारच्या तांदळाला जे चालतं, ते तुझ्या पाटीला का चालत नाही?’’

सभेत कुणी बोललं नाही. मग चौदा हात वर झाले. मी पंधरावा केला. सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं आणि विषय पुढच्या सभेत घ्यायचं ठरलं. पाटी अजून आहे. फ्लॅटला कुलूपही आहे.

येत्या शनिवारी ‘बधाई दो’ लावणार आहोत. त्यात एक पोलीस आणि एक पी.टी.च्या बाई, दोघांनाही आपापली माणसं हवी आहेत, म्हणून जगाला दाखवायला एकमेकांशी लग्न करून सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. बघा, पुन्हा खोलीच. सेक्रेटरींनी या वेळी चोरून न बघता सरळ विचारलं, येऊ का म्हणून. सहकुटुंब येत आहेत. तुम्हीही या. वडे आमचे, खुर्ची मात्र आपापली आणा, आणि येताना टपालपेट्यांच्या वरची पाटी एकदा वाचून या.